‘कधी?’ विचारणारे वरचे सर

साऱ्या वर्धा जिल्ह्यात ‘येजा’ या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि तोही इथला नव्हता. आपल्याकडे ‘येजा बरं का घरी कधी’ हे म्हणायचं असतं म्हणून म्हणतात. म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की हा येणार नाही, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं की याने बोलावलेलं नाही, आणि दोघंही मोठ्या समाधानाने आपापल्या गाडीला किक मारून निघून जातात. देवळीच्या बसस्टँडवर एका बाजाराच्या दिवशी जेवढी ‘येजा’ उधळली जातात ती सगळी खरी मानून लोक निघाले, तर दुसऱ्या दिवशी तालुक्यात एकही माणूस स्वतःच्या घरी सापडायचा नाही. अशा मुलखात फिनलंडहून एक माणूस शिकवायला आला, वर्ध्यात माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिला, आणि ‘येजा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला शांतपणे एकच शब्द विचारू लागला, ‘कधी?’

त्यांचं नाव आमच्यापैकी कोणालाच शेवटपर्यंत घेता आलं नाही. त्यात एकेक अक्षर दोनदोनदा होतं आणि तरी ते संपल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. माझ्या बायकोने दुसऱ्याच दिवशी त्यांचं ‘वरचे सर’ करून टाकलं आणि तेच गल्लीत चाललं. पुढे पुढे कोणी ‘वरच्याची मर्जी’ म्हणून उसासा टाकला की ऐकणारे आधी आमच्या जिन्याकडे बघत. माणूस पन्नाशी उलटलेला, सडपातळ, आणि उंच इतका की माझ्या घराच्या प्रत्येक चौकटीला त्याचं कपाळ पाठ होतं. रोज सकाळी खाली येताना डोकं आपटायचं, आणि मग थांबून चौकटीलाच ‘माफ करा’ म्हणायचे. सावंगीच्या बाजूला एका कॉलेजात ते फिजिओथेरपी शिकवत. करार एकेका वर्षाचा. नोकरी आहे तोवर या देशात राहायची परवानगी, नोकरी संपली की परवानगी संपली, हा सगळा मामला ते घर बघायला आले तेव्हाच त्यांनी मला समजावून सांगितला होता. मी म्हणालो, काही चिंता करू नका सर, इथं एकदा आलेला माणूस जात नाही. हेही आपल्याकडे म्हणायचं असतं.

आता माझा धंदा कूलरचा. होळी झाली की माझ्या दुकानासमोर लोक असे उभे राहतात जसे दुष्काळात टँकरसमोर. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला नाही त्याला काय सांगावं? दुपारी कावळा सावलीत बसतो आणि सावली कावळ्याखाली बसते. सर आले ते फेब्रुवारीच्या शेवटी. मी मनात म्हटलं, बर्फातला माणूस आहे, याला एक नाही दोन कूलर लागतील, एक पुढून आणि एक मागून. मार्चमध्ये विचारलं, नको म्हणाले. एप्रिलमध्ये विचारलं, नको म्हणाले. मे लागला तरी माणूस नको म्हणतो, तेव्हा मला तो माझ्या घराण्याचा अपमान वाटू लागला. एका दुपारी मी जाब विचारायला वर गेलो तर खोली रिकामी. गच्चीवर माझी एक टिनाची खोली आहे, जुने पंप आणि गंजलेल्या टाक्या ठेवायची. दुपारी तिच्यात ठेवलेली केळी संध्याकाळपर्यंत शिजतात. सर त्या खोलीत, कमरेला टॉवेल गुंडाळून, एका स्टुलावर डोळे मिटून बसले होते. समोर शेगडी पेटवलेली, शेगडीवर दगड, आणि मधूनमधून हा गृहस्थ त्या दगडांवर तांब्याने पाणी शिंपडत होता.

त्यांच्या देशात म्हणे घरोघरी अशी वाफेची खोली असते आणि पाहुण्याला तिच्यात बोलावणं हा मोठा मान असतो. मला तो मान ताबडतोब मिळाला. मी आत बसलो. पहिल्या तांब्याला मला माझे सासरे आठवले, दुसऱ्याला देव आठवला, तिसऱ्याला मी कोण हेच आठवेना. बाहेर आलो तेव्हा मे महिन्याचं ऊन मला चांदण्यासारखं लागलं. सर म्हणाले, ‘‘इथं छान आहे. तिकडे यासाठी लाकडं फोडावी लागतात.’’

पण त्या खोलीत मला वाफेपेक्षा जड गेली ती शांतता. तिथे बोलायचं नसतं. आणि सरांचं म्हणाल तर ते बाहेरही बोलत नसत. आमच्याकडे माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर घरचे त्याच्या कपाळाला हात लावून बघतात. हे मात्र संध्याकाळी आमच्या ओसरीत येऊन बसत, चहा घेत, रस्त्याकडे बघत आणि काही न बोलता बराच वेळ बसून उठत. उठताना म्हणत, ‘‘छान गप्पा झाल्या.’’ माझ्या बायकोला पहिला महिनाभर वाटायचं की चहा बिघडला. ती साखर वाढवत गेली. शेवटी चहात चमचा उभा राहू लागला, तरी सर ‘‘छान’’ म्हणून प्यायले. वर्गातही तेच. प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. मास्तर जरा थांबला की मास्तरच उत्तर सांगून मोकळा होतो, ही आमच्या पोरांची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. इथे मास्तर हलेचना. एकदा म्हणे वर्गात एवढी शांतता पसरली की बाहेरच्या गाडीवरच्या पोहेवाल्याला काय झालं कळेना. तो खिडकीशी आला, प्रश्न ऐकला आणि घाबरून त्यानेच उत्तर दिलं. ते चुकलं. सरांनी त्याला पुन्हा विचार करायला सांगितलं आणि पुन्हा थांबले. त्या दिवशी पोह्यांवरची तर्री जळली असं पोरं शपथेवर सांगतात.

मराठी ते बाजारात उभं राहून शिकले, त्यामुळे ती शुद्ध वऱ्हाडी निघाली. आणि शिकताच ‘येजा’चं प्रकरण सुरू झालं. पहिला सापडला तो हायवेवरच्या जाम गावचा एक धाबेवाला. सर नागपूरहून येताना बस जामच्या चौकात थांबली, हे चहा प्यायला उतरले. एवढा उंच गोरा माणूस मराठीत चहा मागतो म्हटल्यावर धाबेवाल्याचं मन भरून आलं. पैसे घेतले नाहीत आणि वर म्हणाला, येजा नं सर कधी आपल्या घरी, मागंच आहे.

‘‘कधी?’’ सरांनी विचारलं.

धाबेवाल्याला हा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. तो म्हणाला कधीबी या. सरांना ‘कधीबी’ पटेना. तारीख पाहिजे, वेळ पाहिजे. बस हॉर्न मारून राह्यली, कंडक्टर ओरडून राह्यला, शेवटी गडबडीत त्या बिचाऱ्याच्या तोंडून ‘रविवारी सकाळी’ निघून गेलं. रविवारी सकाळी सर वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा घेऊन त्याच्या दारात हजर. घरात त्या दिवशी चुना मारणं चालू होतं. पलंग, पेट्या, देव, सगळं अंगणात, आणि धाबेवाला बनियनवर कुंच्याला दोरी बांधत बसलेला. त्याने मला नंतर सांगितलं, ‘‘भाऊ, मले वाटलं भूतच आलं. मी बोलावलं हेच मी इसरलो होतो.’’ पण सरांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, दुसरा कुंचा घेतला आणि शिडीशिवाय छतापर्यंत चुना मारून दिला. संध्याकाळी जेवून परतले. तेव्हापासून तो धाबेवाला दर दिवाळीला घराला चुना मारायच्या आधी सरांना फोन करायचा. आधी भिंतीसाठी करत असेल, नंतर फक्त सरांसाठी.

दुसरा माझा साळा, देवळीचा. कापसाची शेती आणि स्टँडजवळ बियाण्यांचं दुकान. ‘येजा’ म्हणण्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. मयतीला आलेल्यांनाही निरोप देताना ‘येजा असेच’ म्हणतो. त्याने आमच्या ओसरीत सरांना तान्ह्या पोळ्याचं आमंत्रण दिलं आणि ‘कधी?’ला उत्तर देण्यावाचून सुटका नाही हे कळल्यावर वेळही दिली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदीबैल सजवून घरोघर फिरवतात. सरांनी चौकशी केली असणार. गच्चीवर आठवडाभर ठोकाठोक करून त्यांनी स्वतः एक लाकडी बैल बनवला आणि तो मांडीवर घेऊन एसटीने देवळीला गेले. बैलाला शिंगं जरा फांद्यांसारखी फुटली होती, कारण त्यांच्याकडे हरणं जास्त. पण देवळीच्या पोरांच्या मागोमाग दोरी ओढत तो उंच माणूस घरोघरी गेला, प्रत्येक दारात वाकला, प्रत्येक चौकटीला आपटला आणि प्रत्येक चौकटीची माफी मागत गेला. माझा साळा कोणाला सहसा जिवाभावाचं काही सांगत नाही. मला म्हणाला, ‘‘भाऊजी, आजवर हजार माणसाईले बोलावलं असन मी. आला हा एकच.’’

आणि चूलबंद? आमच्या गल्लीत एक लग्न निघालं. यजमान जिना चढून गेले आणि म्हणाले, सर, तुम्हाले चूलबंद निमंत्रण आहे. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटता कामा नये. आपण काय करतो? सकाळी नाश्ता करतो, दुपारी थोडं खाऊन घेतो आणि रात्री जाऊन पाकीट देऊन येतो. सरांनी आदल्या रात्री सिलिंडरची नळी काढून ठेवली. सकाळची कॉफीसुद्धा केली नाही. उजाडता उजाडता मांडवात जाऊन बसले तेव्हा आचारी अजून कांद्याच्या पोत्यावर डोकं ठेवून झोपला होता. यजमान दात घासत बाहेर आले आणि त्यांना पाहून तसेच आत पळाले, आणि त्या घरात त्या लग्नाचा पहिला चहा नवरदेवाच्या आधी सरांसाठी झाला.

याचा परिणाम असा झाला की आमच्या गल्लीत ‘येजा’ महाग झालं. म्हणायच्या आधी माणसं घरात डोकावून बघू लागली, दूध आहे का, सतरंजी धुतलेली आहे का. आणि एकदा म्हटल्यावर, बोलावल्यासारखं बोलावू लागली. सर कोणाकडे गेले की त्यांच्यासोबत शेजारचा जायचा, मग शेजारच्याच्या घरी ते लोक यायचे. भिंतीला भिंत लागून असलेली माणसं एकमेकांच्या घरात आतून कसं आहे ते बघू लागली. सरांकडेही लोक वर जाऊ लागले आणि तेव्हा एक दिवस सर माझ्या दुकानात येऊन मुकाट्याने कूलर घेऊन गेले. मला वाटलं, शेवटी हरला बर्फाचा गडी. वर जाऊन बघतो तर कूलरचं तोंड पाहुण्याच्या खुर्चीकडे. स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात, घामाघूम, आनंदात.

मी एकदा विचारलंच. टिनाच्या खोलीत, बोलायची मनाई असताना. म्हटलं, सर, तुम्ही काऊन जाता एवढं सगळ्यांकडे? लोक तर असंच म्हणतात. त्यांनी दगडांवर पाणी शिंपडलं आणि वाफ बसेपर्यंत थांबले. मग जे बोलले ते त्यांच्या हिशेबाने भाषणच होतं. ‘‘माही बायको गेली, त्याच्यानंतर माह्या घरची बेल फक्त पोस्टमन वाजवे. वाईट लोक नाई ते. पण तिकडे ‘ये’ म्हटलं तर खरंच बोलावलं, म्हणून कोणी लवकर म्हणत नाई. इथं पहिल्याच दिवशी भाजीवाली म्हणाली येजा, रिक्षावाला म्हणाला येजा, तुम्ही म्हणाले येजा. मले वाटलं, एवढे लोक वाट पाहून राह्यले, तं गेलं पाहिजे.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘मले आता इथंच राहाचं आहे.’’ मी टॉवेलाने तोंड पुसलं. वाफ फार होती.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजाने त्यांचा विषय दुसऱ्या विभागात मिसळला आणि त्यांचा करार पुढे वाढला नाही. झालं. नोकरी संपली की परवानगी संपली. गल्ली खवळली. एकेकजण जिना चढून वर जाऊ लागला आणि सांगू लागला, चिंता करू नका सर, आपली ओळख आहे, नागपूरले बोलतो, दिल्लीले बोलतो, करून टाकू. माझा साळा तर म्हणाला, तुमचं काम झालंच समजा. सरांनी त्याच्याकडे बघितलं आणि सवयीने विचारलं, ‘‘कधी?’’

 माझा साळा हातातल्या टोपीशी चाळा करत बसला. सरांनी नेहमीसारखं बराच वेळ थांबून पाहिलं, आणि मग पहिल्यांदाच, समोरच्याला उत्तर न देता सुटू दिलं. उठून त्याच्यासाठी कूलर लावला.

निरोपाच्या दिवशी ओसरीत पाटवडीचा रस्सा होता, कोथिंबिरीच्या सांबारवड्या होत्या, जामचा धाबेवाला भट्टीवरून तसाच उठून आला होता. सरांनी लाकडी बैल साळ्याच्या घरी ठेवायला दिला. मग उभे राहिले, पंख्याला जपून, आणि म्हणाले, ‘‘आता तुम्ही येजा. जूनमध्ये. माह्या गावाले तेव्हा सूर्य मावळत नाई.’’ लोक म्हणाले, येतो नं सर. काऊन नाई येणार? समदे येतो. साळा म्हणाला, मी तं बायकापोरं घेऊन येतो. सर सगळ्यांकडे बघत थांबले. वर्गात प्रश्न विचारून थांबत तसे. कोणी ‘कधी?’ म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे कूलर धुऊन दुकानात मांडायचे दिवस, त्यांच्या खिडकीबाहेर नुसतं पांढरं. इकडचं तिकडचं बोलायचं त्यांना येतच नाही. त्यांनी फोन फिरवून घर दाखवायला सुरुवात केली. एक लांबलचक खोली होती, आणि तिच्यात ओळीने पलंग. नवीन, लाकडी, घरी ठोकलेले. हा देवळीवाल्या भाऊंचा, म्हणाले, आणि हे तीन त्यांच्या पोरांचे. हा जामवाल्या भाऊंचा, तो घोरतो म्हणून जरा दूर ठेवला. हा खिडकीजवळचा तुमचा आणि वहिनींचा. आमच्या पलंगाच्या पायथ्याशी एक विजेची शेगडी ठेवली होती. तिचं तोंड पलंगाकडे होतं. दारांच्या चौकटींवर कापडाच्या गाद्या ठोकल्या होत्या. मी म्हटलं, सर, हे काऊन? तर म्हणाले, पाहुण्याईच्या डोक्यासाठी. आमच्यात साडेपाच फुटांच्या वर कोणी नाही. मग सरांनीच विचारलं, वहिनींच्या चहाले इथली साखर पुरते का तिकडूनच आणतील?

मी आयुष्यात बोलायला कधी अडलो नाही. गिऱ्हाईकाला थंडीत कूलर विकलेला माणूस आहे मी. पण मी नुसता ते पलंग मोजत राहिलो. येतो म्हटलं होतं आम्ही. त्या सगळ्या पलंगांना आम्ही येतो म्हटलं होतं. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, पदराने काच पुसली आणि म्हणाली, ‘‘सर, कधी येऊ?’’

पलीकडे सर गप्प झाले. ही त्यांची नेहमीची शांतता नव्हती. नेहमीची मला आता ओळखू येते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या फोनवर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. मग ते म्हणाले, ‘‘जूनच्या दुसऱ्या रविवारी. सकाळी.’’

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, छान गप्पा झाल्या.

आमच्या घरात कोणी नागपूरच्या पुढे गेलेलं नाही. मी पासपोर्टचा अर्ज भरला, बायकोचाही भरला. साळ्याला पलंगांचं सांगितलं तेव्हा तो दुकानातल्या सरकीच्या पोत्यावर बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी फोटो काढायला वर्ध्याला आला. जामवाला विचारतो, तिथं चुना मिळते का.

परवा पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस घरी आला. तरुण माणूस होता, उन्हाने बेजार. मी त्याला वर नेलं, कारण सरांचा कूलर अजून तिथेच आहे आणि पाहुण्याच्या खुर्चीकडेच तोंड करून आहे. त्याने कागद बघितले आणि विचारलं, तिकडे कोण आहे तुमचं? पोरगा आहे का? मी म्हणालो, नाही, आमचे वरचे सर आहेत. त्याने आजूबाजूला रिकाम्या खोलीकडे पाहिलं. चहा घेतला, सही घेतली, जिना उतरला. फाटकाशी मी सवयीने म्हणून गेलो, येजा साहेब कधी घरी.

आणि तिथेच थांबलो. तो ‘कधी?’ विचारेल म्हणून मनातल्या मनात घरात दूध आहे का तेही बघून आलो. त्याने मान हलवली, गाडीला किक मारली आणि निघून गेला.